वीस मिनिटांचं गाणं

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार. गालात्स

संगीत कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, अशा दोन माणसांनी आज माझी संध्याकाळ खाल्ली.

एक तिबेरिउ ओआन्चा. माझा जुना विद्यार्थी. टायरच्या दुकानावरच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तो ‘स्टुडिओ’ चालवतो. दुसरी मालिना काझाकू. तीही माझीच विद्यार्थिनी, म्हणजे चार वर्षं माझ्या वर्गात बसून तिनं खिडकीतून डॅन्यूबवरच्या बोटी मोजल्या. हल्ली बेकरीत कोव्रिग, म्हणजे तिळाचे गोल पाव, विकते. कोटाला भाजलेल्या तिळाचा वास येत होता.

दार उघडायलाच पाच मिनिटं गेली. आमचं कुलूप अडकतं. किल्ली अर्धी फिरवायची, दार गुडघ्यानं दाबायचं, मग उरलेली फिरवायची. तिबेरिउ जिन्यातून ओरडला, “सर, नवीन कुलूप बसवा की! तासाभराचं काम.” या पिढीला सगळंच बदलायची घाई.

मग त्यांनी आपली चाल ऐकवली. चार सूर. पाचवा त्यांच्या ओळखीचा नसावा. खाली यंत्राचा ढोल, भाडं मागायला आलेल्या घरमालकानं दार बडवावं तसा. वर मालिना काहीतरी म्हणत होती.

“ही भाषा कुठली?” मी विचारलं.

“इंग्रजी, सर.”

“नाही.”

“नसेलच,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

तिथेच हाकलून द्यायला हवं होतं. चौदा वर्षं मी सतराव्या शतकातली इंग्रजी सुनीतं रुमानियनमध्ये आणतो आहे. एकेका ओळीवर महिना घालवलेला माणूस मी. पण चोर्बा, आमचं आंबट सूप, चुलीवर होता, तो उकळेपर्यंत दुसरं काम नव्हतं. वीस मिनिटांत जे सुचलं ते खरडलं. कुणी एक दूर गेलेलं माणूस घरातल्याला सांगतंय: कुलूप बदलू नकोस, किल्ली अजून माझ्याकडे आहे, जिना मला न बघता चढता येतो. याच ओळी चारदा. अर्थ शून्य.

मालिनानं कागद वाचला, मग पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. वाचायला तिला पहिल्यापासूनच वेळ लागतो.

“एक अट,” मी म्हणालो. “माझं नाव कुठेही येता कामा नये. आलं तर कोर्टात खेचीन. कुणी विचारलं तर तूच लिहिलंस म्हणून सांगायचं.”

“शप्पत, सर.”

चोर्बा तळाला लागला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सिदोनियाचा फोन. दर रविवारी अकराला येतो. ती आमच्या शाळेच्या दवाखान्यात नर्स होती. २००३ मध्ये इटलीला गेली, ट्रेविझोला, एका श्रीमंत म्हातारीची देखभाल करायला. दोन वर्षांसाठी गेली होती.

“सिन्योरा कशा आहेत?” मी विचारलं.

“आहेत तशाच.”

“डॉक्टरांनी एकच हिवाळा दिला होता ना त्यांना?”

“डॉक्टरांचं काय घेऊन बसलास, तावी.”

सहा हिवाळे झाले. मधल्या काळात एक पोप गेला, ही बाई आहे. मग सिदोनियाची पाठ, माझा खोकला, तिथलं हवामान, इथलं हवामान. आठ मिनिटांत फोन संपला. आम्हा दोघांनाही पाल्हाळ आवडत नाही, ही आमच्या संसाराची जमेची बाजू.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उच्चार तपासायला म्हणून मला गाद्यांच्या खोलीत नेलं. मालिना आता मालिना राहिलेली नाही, ‘मेलीन’ झाली आहे. नाव कापल्यानं माणूस परदेशी होतो अशी समजूत दिसते.

तिनं ‘द’ खाल्ला. ‘किल्ली’च्या आधी मी ‘द’ हे इंग्रजी उपपद लिहिलं आहे. ती सरळ उडी मारून किल्लीवर जाते. अकरा वेळा सांगितलं. अकरा वेळा खाल्ला.

“सर, ‘द’ घेतला की ढोल चुकतो,” तिबेरिउ म्हणाला.

“मग ढोल दुरुस्त कर! भाषा आधी आली की ढोल?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ‘द’ नाहीच राहिला. असल्या गोष्टीशी आपलं नाव जोडलं नाही, हे किती शहाणपणाचं.

७ जून, रविवार

रेडिओवर लागलं म्हणे. लागू दे. रेडिओवर डासांच्या औषधाच्या जाहिरातीही लागतात.

२६ जुलै, रविवार

गेला दीड महिना काही लिहिलं नाही, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. प्रत्येक गाडीतून, प्रत्येक बाल्कनीतून तेच. समुद्रकिनाऱ्यावर म्हणे दर तासाला वाजतं, अर्धनग्न लोक हात वर करून ‘किल्ली, किल्ली’ ओरडतात. बाजारात चीज विकणारी बाई माझ्या पिशवीत चीज टाकताना गुणगुणत होती. मी सांगितलं, “बाई, तुम्ही एक शब्द गाळताय.” ती म्हणाली, “सर, वजन बरोबर आहे ना? मग झालं.”

आज सिदोनियाही तेच घेऊन बसली.

“इथेही वाजतं. आपल्या सगळ्या बायका म्हणत असतात. ती काझाकूंची मालिना ना? शाळेत चक्कर येऊन पडायची, मी साखरेचा खडा द्यायचे तिला.”

“तीच.”

“शब्द कुणी लिहिलेत रे?”

“कुणा मूर्खानं.”

पलीकडे तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, “चांगला मूर्ख दिसतोय.”

माझी बायको एके काळी माझ्याबरोबर बसून सुनीतं ऐकायची. झोप आली तरी ऐकायची. सहा वर्षांत इटलीनं तिच्या आवडीनिवडीची काय दशा केली आहे! फोन मात्र आज बावीस मिनिटं चालला. ती पुन्हा पुन्हा त्या गाण्यावरच येत होती. मीही तोडलं नाही, लोकांची रुची कुठवर घसरते याची मला उत्सुकता होती.

९ सप्टेंबर, बुधवार

बुखारेस्टच्या एका पेपरात कुणी समीक्षकानं लिहिलंय: ‘या गाण्याच्या लेखकानं इंग्रजी बहुधा धुलाई यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकावरून शिकलं असावं. किल्लीआधीचं उपपद कुठे आहे?’

उपपद! माझ्या कागदावर आहे ते उपपद! त्या कोव्रिगवालीनं गिळलं! सात पानी उत्तर लिहिलं. ‘द’ची व्युत्पत्ती, वापर, गाळण्याचे अपवाद, सगळं. शेवटी सही करायची वेळ आली आणि लक्षात आलं की सही करता येत नाही.

उत्तर ड्रॉवरमध्ये ठेवलं.

१८ ऑक्टोबर, रविवार

तुर्कस्तानात पहिल्या क्रमांकावर. पोलंडमध्ये पहिल्या क्रमांकावर. स्पेनमध्येही. बुखारेस्टच्या एका कंपनीनं मेलीनला उचललं, तिबेरिउला त्याच्या गाद्यांसकट इथेच ठेवलं.

काल टीव्हीवर तिची मुलाखत झाली. चांदीच्या रंगाचे बूट, भुवया कुठे गेल्या कळेना. मुलाखत घेणारा दात काढून विचारतो, “आणि हे शब्द? तुम्ही स्वतः?”

“हो. मीच.”

“किती दिवस लागले?”

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “चोर्बा उकळत होता.”

लोक हसले. टाळ्या!

तसं ठरलंच होतं. अट माझीच होती. ती शब्दाला जागली, असंच म्हणायला हवं. पण वीस मिनिटं तिनं कशाला घ्यावीत? आणि चोर्बा? तो माझा चोर्बा होता. लागलेलं पातेलं मी दोन दिवस घासत होतो.

आज सिदोनियाला मीच फोन केला, अकरा वाजायची वाट न बघता. पण काय सांगणार? म्हातारीची चौकशी केली. “आहे तशीच.” ठेवला.

३ नोव्हेंबर, मंगळवार

चूक केली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत रसायनशास्त्राच्या बाई मोबाइलवर तेच गाणं लावून बसल्या होत्या. भूगोलवाला म्हणाला, “आपल्या शाळेची मुलगी हो! बिनडोक म्हणायचो आपण, आणि इंग्रजीत काव्य करते.” माझ्या तोंडून निघून गेलं: “ते मी लिहिलंय.”

आधी कुणी हसलं नाही. तेच वाईट. सगळे इतक्या प्रेमानं माझ्याकडे बघायला लागले की मला घाम फुटला. मग भूगोलवाला म्हणाला, “आणि राष्ट्रगीताची चाल मी बांधली,” आणि सगळे सुटले.

“माझ्याकडे पुरावा आहे!” मी म्हणालो. पुरावा काय, तर एक सात पानी पत्र, ‘द’ या विषयावर.

मुख्याध्यापिका नेकुलाउ यांनी बोलावून दार लावून घेतलं. “व्रान्चा सर, सिदोनिया सिस्टर गेल्यापासून तुम्ही एकटेच असता. थोडी रजा घेता का?”

“मला रजा नको, उपपद हवंय,” मी म्हणालो. हे लिहिताना कळतंय, ते कसं ऐकू आलं असेल.

५ नोव्हेंबर, गुरुवार

बारावीच्या वर्गात फळ्यावर मोठी किल्ली काढलेली होती. खाली माझं नाव. मी पुसली, तर मागच्या बाकांवरून गाणं सुरू झालं, ‘द’शिवाय.

मेलीनबाईंना पत्र लिहिलं, कंपनीच्या पत्त्यावर. जेवढं टोचून लिहिता येईल तेवढं लिहिलं. तू चोर आहेस, तुझा आवाज म्हणजे बोटीचा भोंगा, आणि तुझे बूट बघून तुझ्या आईला काय वाटत असेल. टाकलं पेटीत. परत येताना अर्ध्या वाटेत थांबलो होतो. पण पेटीत हात जात नाही.

२० फेब्रुवारी २०१०, शनिवार

मालिना आली होती.

मी बेल ऐकली, किल्ली अर्धी फिरवली, गुडघा लावला, तर बाहेरून आवाज आला, “सावकाश, सर. वेळ आहे मला.” नंतर कळलं, चार तास होते. बर्फात गाडी उभी करून ती आईलाही भेटायच्या आधी इकडे आली होती. चांदीचे बूट नव्हते. आवाज घोगरा, डोळ्यांखाली काळं. सोफ्यावर बसली ती पाय पोटाशी घेऊन, शाळेच्या दवाखान्यात बसायची तशी.

“पत्र मिळालं,” ती म्हणाली. “भोंग्याचं बरोबर आहे. सत्तर कार्यक्रम झालेत. सर, मी टीव्हीवर सांगते तुमचं नाव. उद्याच. तुम्ही फक्त कोर्टात खेचू नका.”

“आता कशाला? आता सांगितलंस तर लोक म्हणतील, म्हातारा मागे लागला म्हणून सांगितलं.”

“मग काय करू?”

मी तिच्या भुवयांबद्दल बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मला दुसरं गाणं नाहीये. कंपनीनं चार करून घेतली, एकही चाललं नाही. एका कार्यक्रमात हेच तीनदा म्हणते मी. सर, अजून एक द्या ना लिहून. वीस मिनिटं. मी बसते.”

मी कागद घेतला. सतराव्या शतकाशी झुंजणाऱ्याला हे म्हणजे काय! ती बसली. मी वीस मिनिटं बसलो. मग चाळीस. चांगलं यमकही सुचेना. इतका फालतू प्रकार मला जमू नये, याचा राग आला.

“राहू द्या,” मालिना म्हणाली. “सिस्टर म्हणाल्याच होत्या, त्याला दुसरं जमायचं नाही.”

“कुठल्या सिस्टर?”

“आपल्या. सिदोनिया सिस्टर. नोव्हेंबरात ट्रेविझोला कार्यक्रम होता ना. आपल्या बायका आल्या होत्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या. पन्नास तरी असतील. पहिल्या ओळीला रडायला लागल्या, मला गाताच येईना. नंतर सिस्टर मागे आल्या. म्हणाल्या, हे तू लिहिलेलं नाहीस. मी म्हटलं, मीच लिहिलंय, शप्पत घेतलीय मी. त्या म्हणाल्या, पोरी, ते कुलूप मी सोळा वर्षं उघडलंय.”

मी म्हणालो की कुलूप हा सर्वसामान्य शब्द आहे, जगातल्या प्रत्येक दाराला असतं.

“हो सर,” ती म्हणाली. जाताना कोट घालता घालता तिनं सहज विचारलं, “त्या येणार आहेत का आता परत? म्हणजे, त्यांची ती म्हातारी गेल्यापासून त्या वृद्धाश्रमात करतात ना, तिथली नोकरी सोडता येते म्हणे महिन्याच्या नोटिशीवर.”

“म्हातारी कधी गेली?”

मग तिनं कोटाची चुकीची गुंडी लावली.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला... सर, मी निघू का?”

२१ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजता फोन.

“सिन्योरा कशा आहेत?”

“आहेत तशाच.”

या वेळी ते खरंही म्हणता येईल. मी हवामानाची माहिती दिली.

७ मार्च, रविवार

मागच्या रविवारी फोन उचलला नाही. आजही नाही. वाजत होता तोवर स्वयंपाकघरात उभा होतो.

सिदोनियाला नऊ पानी पत्र लिहिलं. दोन वर्षं खोटं बोलणाऱ्या स्त्रीला उद्देशून. भाषा उत्तम साधली होती. उतारे होते, एक तळटीपही होती. रात्रभर टेबलावर ठेवलं. सकाळी वाचलं आणि फाडलं. नऊ पानांत मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

२४ मार्च, बुधवार

ईस्टरच्या सुट्टीचं बसचं तिकीट काढलं. जाऊन-येऊन. परत न होणारं, कारण तेच स्वस्त. तिला समोरासमोर जाब विचारावा एवढाच हेतू आहे.

३ एप्रिल, शनिवार. ट्रेविझो

अठ्ठावीस तासांचा प्रवास. चालकाकडे एकच डिस्क होती, आणि तिच्यावर पहिलं गाणं कुठलं ते लिहायची गरज नाही. हंगेरीत शिरल्यावर मी पुढे जाऊन ते बंद करायला सांगितलं. मागून बायका ओरडल्या, “राहू द्या हो! आजोबा, कानात कापूस घाला!” मी एकोणपन्नास वर्षांचा आहे.

सिदोनिया थांब्यावर उभी होती. केस कापलेत तिनं. माझी बॅग माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “बारीक झालास.” जाब विचारायची ती वेळ नव्हती.

६ एप्रिल, मंगळवार. ट्रेविझो

इथल्या घराबद्दल: दोन खोल्या, तीन रुमानियन बायका, एक स्वयंपाकघर. भिंतीवर वृद्धाश्रमातल्या पाळ्यांचा तक्ता. इथली कॉफी म्हणजे औषधाचा डोस. ब्रेडला मीठ नाही. ईस्टरची लाल अंडी मात्र तिनं आपल्या पद्धतीनं केली होती. मी तीन दिवस सगळ्याला नावं ठेवली आणि ती ऐकत राहिली. दुसरा विषय निघत नव्हता.

आज सकाळी कालव्याकाठी बाकावर बसलो तेव्हा मी विचारलं, “म्हातारी गेल्याचं सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?”

“ये म्हणालो असतो.”

“नाही. तू म्हणाला असतास, ‘तुझं तू ठरव.’”

हे धादांत खोटं आहे. म्हणालो असतो, पण वेगळ्या सुरात.

“पाच वर्षं मी वाट बघितली, तावी,” ती म्हणाली. “दर रविवारी. एकदा तरी म्हणशील. तू म्हातारीची चौकशी करायचास. ती गेली तेव्हा वाटलं, आता हाही विषय नाही राहिला. मग काय बोलणार आपण? म्हणून ठेवली तिला जिवंत.”

बदकं ओरडत होती. बदकांबद्दल काहीतरी बोलावं असं मनात आलं.

“मग ते गाणं लागलं,” ती म्हणाली. “मी दुकानात उभी होते, साबण घेत होते. तिथेच बसले खाली. आणि मला राग आला. जगभर सांगत सुटलास, मला सोडून.”

“ते असंच सुचलं होतं,” मी म्हणालो. “चोर्बा होईपर्यंत.”

“ठाऊक आहे. विचार केला असतास तर लिहिलंच नसतंस.”

तिनं घड्याळ बघितलं, दोनला तिची पाळी होती. मी म्हणालो, “माझ्याजवळ राहा.” इंग्रजीत नाही. कुठल्याही फालतू गाण्यात खपेल असं वाक्य, यमकसुद्धा नाही.

“तिथे की इथे?”

“कुठेही.”

ती उठली, मीही उठलो. घरी आल्यावर तिनं पांढरे बूट घातले.

“परतीची बस सहाला आहे,” मी म्हणालो.

“माझी पाळी आठला सुटते.”

“तिकीट परत होत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

आता साडेसात झालेत. बस उदिने शहर ओलांडून गेली असेल. टेबल डुगडुगतं, अक्षर घाणेरडं येतंय. तिच्यासाठी बटाटे सोलून ठेवलेत. सालं जाड निघाली आहेत. ती बोलेलच.